हरलेला निजाम पुन्हा बोलणीला का आला?

पहिल्या बाजीराव पेशव्यांचे नाव निघाले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो घोडा आणि त्यावरचा स्वार. हल्ली त्यात मस्तानीची भर पडली आहे. पण या स्वाराने जवळजवळ वीस वर्षे एकाच माणसाशी पुन्हा पुन्हा बोलणी केली, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तो माणूस म्हणजे निजामुल्मुल्क.

निजामाचा जन्म १६७१ चा, बाजीरावांचा १७०० चा. म्हणजे निजाम वडिलांच्या वयाचा आणि औरंगजेबाच्या हाताखाली मुरलेला. १७२१ साली चिखलठाणला दोघे भेटले तेव्हा बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे मिळून वर्षही झाले नव्हते.

पुढे निजामाने कोल्हापूरच्या संभाजीराजांना हाताशी धरून शाहू महाराजांच्या चौथाईत खोडा घातला. त्याच्या फौजा पुण्यापर्यंत आल्या. बाजीराव पुणे सोडवायला धावले नाहीत. ते निजामाच्याच मुलखात शिरले. निजाम अवजड तोफा मागे ठेवून पाठलागाला निघाला आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला कोंडला गेला. दाणा बंद, पाणीही बंद.

मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. चौथ आणि सरदेशमुखी निजामाने मान्य केली. संभाजीराजांना हवाली करा, ही मागणी मात्र त्याने नाकारली, आणि बाजीरावांनी ती सोडून दिली. त्यांना पन्हाळ्याला पोचते करण्यावर भागले. मला तर पालखेडच्या विजयापेक्षा ही माघार मोठी वाटते. हक्कांत त्यांनी तसूभरही सूट दिली नाही, पण आश्रिताला शत्रूच्या हाती दिल्याचा डाग निजामाच्या माथी बसू दिला नाही. तहानलेल्या फौजेकडून तेही लिहून घेता आले असते कदाचित. पण तसा कागद लिहून देणारा दुसऱ्यांदा समोर कशाला बसेल?

निजाम यामुळे सुधारला, असे मात्र नाही. १७३१ साली डभईला बाजीरावांविरुद्ध लढलेल्या त्रिंबकराव दाभाड्यांच्या पाठीशी तोच होता. तरी डिसेंबर १७३२ मध्ये रोहे-रामेश्वरला दोघे भेटले. दग्याची भीती अनेकांना होती. बाजीराव गेले, आणि सुखरूप परतले.

१७३७ च्या अखेरीस निजाम बादशहासाठी फौज घेऊन माळव्यात उतरला. भोपाळला पुन्हा तीच कोंडी. या खेपेला त्याचा तोफखाना भारी होता, म्हणून बाजीरावांनी हल्ल्याची घाई केली नाही. जानेवारी १७३८ मध्ये दुराहा सराईला माळवा आणि ५० लाख रुपये देण्याचे ठरले. पालखेडला त्याने पाहिले होते की तह झाला की वेढा उठतो, वाट मोकळी होते आणि नंतर नवी मागणी पुढे येत नाही. बाजीरावांवर त्याची माया होती असे मुळीच नाही, पण एवढी खात्री त्याला पुरेशी होती.

१७४० च्या आरंभी निजाम दिल्लीकडे असताना त्याचा मुलगा नासिरजंग गोदाकाठी लढला, हरला आणि तहाला बसला. त्यात हंडिया आणि खरगोण मिळाले. त्या नव्या मुलखाच्या बंदोबस्तासाठी बाजीराव नर्मदेकडे गेले. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे तापाने त्यांचा अंत झाला. वय अवघे ३९. निजाम त्यानंतर आठ वर्षे जगला.