नसलेल्या हाताची कळ

जखम भरली की दुखणे संपले, असा आपला साधा हिशेब असतो. पट्टी सुटली, खपली गळाली, माणूस हिंडूफिरू लागला. मग आता कसले दुखते आहे, असे आपण विचारतो, आणि त्या विचारण्यातच थोडा अविश्वास असतो. हा हिशेब चुकीचा आहे, हे ज्यांनी शेकडो रोग्यांच्या उशाशी बसून दाखवून दिले, त्या अमेरिकेतील डॉ. सायलस वेअर मिचेल यांना जाऊन आता शंभरांहून अधिक वर्षे झाली. मी गाण्याचा मास्तर. वैद्यकाशी माझा संबंध काढा आणि गुळण्या यांपलीकडे नाही. तरीही या गृहस्थाच्या चरित्रात मी गुंतलो. त्याचे कारण पुढे ओघाने येईलच.

मिचेल यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८२९ रोजी फिलाडेल्फिया शहरी झाला. वडील नामांकित डॉक्टर, जेफर्सन मेडिकल कॉलेजात अध्यापक, आणि फावल्या वेळी कविता करणारे. मुलाने हे सारेच उचलले. १८५० साली त्याच कॉलेजची पदवी घेऊन ते पॅरिसला गेले आणि क्लोद बर्नार या थोर शरीरशास्त्रज्ञाची व्याख्याने त्यांनी ऐकली. पाहिल्यावाचून मानू नये, ही बर्नार यांची शिकवण घेऊन ते परतले. दिवसा वडिलांचा दवाखाना सांभाळावा आणि उरलेल्या वेळात खुळखुळ्या सापाच्या विषाचा अभ्यास करावा, असा क्रम कित्येक वर्षे चालला. त्या विषावरचा त्यांचा प्रबंध १८६० साली निघाला, आणि तेवढ्यावरही त्यांचे नाव राहिले असते. पण पुढच्याच वर्षी उत्तर आणि दक्षिण अमेरिकेचे यादवी युद्ध पेटले. १८६२ मध्ये त्यांची पत्नी घटसर्पाने वारली. पदरी दोन लहान मुलगे, आणि शहरात रोज जखमींच्या गाड्या.

त्या लढाईत मऊ शिशाची, टोकदार गोळी सर्रास वापरली जात होती. ती अंगात शिरली की हाडाचा चुरा करी, मांस फाडी आणि ज्ञानतंतूंना चाटून जाई. हात किंवा पाय कापून टाकणे हाच बहुतेक उपाय. जे वाचत त्यांतील काहींच्या जखमा भरत, पण वेदना जात नसत. अशा रोग्यांचे काय करावे, हे कोणत्याही शल्यवैद्याला ठाऊक नव्हते, आणि खरे म्हणजे ते कोणाला नकोही होते. सैन्याचे मुख्य शल्यवैद्य हॅमंड हे मिचेल यांचे जुने स्नेही. विषांच्या प्रयोगांत दोघांनी एकत्र काम केले होते. त्यांनी केवळ ज्ञानतंतूंच्या जखमांसाठी एक निराळे इस्पितळ काढून दिले. १८६३ मध्ये ते टर्नर्स लेन या जागी आले. चारशे खाटा, आणि मिचेल, मोरहाउस व तरुण कीन असे तिघे डॉक्टर. गेटिसबर्गच्या लढाईनंतर त्या खाटा भराभर भरल्या.

येथे या तिघांनी जे केले ते सांगावयास सोपे आणि करावयास फार कठीण आहे. त्यांनी प्रत्येक रोग्याची हकीकत लिहून घेतली. गोळी कोठे लागली, त्या क्षणी काय वाटले, कळ केव्हा सुरू झाली, कशाने वाढते, कशाने थांबते, त्वचेचा रंग काय, घाम येतो की नाही. इस्पितळाचे काम आटोपल्यावर रात्री उशिरापर्यंत हे टिपण चाले.

या टिपणांतून एक विलक्षण दुखणे पुढे आले. जखम दंडात किंवा मांडीत, पण आग मात्र तळहातात किंवा तळपायात. त्वचा तांबूस, पातळ, वार्निश लावल्यासारखी चकचकीत. रोगी हातावर ओले फडके ठेवी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली बाळगी. काही जण तर बुटांत पाणी ओतून चालत, कारण कोरडे घर्षण त्यांना कोठेच सोसवत नसे. पुढे पुढे स्पर्शाचीही गरज उरत नसे. शेजारच्या खाटेवर कोणी वर्तमानपत्र उलटले, कोणी जोराने पाऊल टाकले, की कळ उठे. लष्करी बँड वाजू लागला की त्याच्या कंपांनी हे रोगी कळवळत.

मी थांबलो तो या ठिकाणी. माझे वडील कोवळ्या वयात दरबारच्या नोकरीस लागलेले वादक; नाद दुःख हरण करतो, हे वाक्य आमच्या घरात देवाच्या नावासारखे घेतले जाई, आणि मीही ते शिष्यांना सांगत आलो आहे. येथे त्याच नादाने शूर शिपाई तळमळत होते. नाद हा आधी हवेचा आणि जमिनीचा कंप आहे आणि मग संगीत आहे, ही गोष्ट आम्ही गाणारे सोयीने विसरतो. इजा झालेला ज्ञानतंतू ती विसरत नाही. असो.

या आगीला पुढे मिचेल यांनी ‘कॉसॅल्जिया’ असे नाव दिले. ग्रीक भाषेतील दाह आणि वेदना या दोन शब्दांची ती जोड आहे. पण नाव देण्याआधी एक मोठा प्रश्न होता. लढाईवर परत जाणे टाळण्यासाठी ढोंग करणारे शिपाई थोडे नव्हते, आणि ते ओळखणे हेही या तिघांचे कर्तव्य होते. आखडलेला हात खरा की खोटा, हे पाहण्यासाठी ते रोग्याला ईथर देत. भूल चढताना हात सैल पडला की सोंग उघडे. यावरही त्यांनी निबंध लिहिला आहे. मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो याचमुळे. ढोंगी लोक रोज दिसत असतानाही, ज्याचे दुखणे डोळ्यांना दिसत नाही तो ढोंगी, असा सोपा निकाल त्यांनी दिला नाही. तपासले आणि मग विश्वास ठेवला. १८६४ साली तिघांच्या नावाने लहानसे पुस्तक निघाले आणि १८७२ मध्ये मिचेल यांचा मोठा ग्रंथ.

उपायाच्या बाजूने त्यांच्या हाती फारसे नव्हते. ओल्या पट्ट्या, मालिश, विजेचा प्रवाह, आणि अफूपासून काढलेले मॉर्फीन. कातडीखाली टोचण्याची पिचकारी तेव्हा नवीनच होती. एका वर्षात चाळीस हजारांवर टोचण्या दिल्याचा आकडा त्या इस्पितळाच्या आठवणींत येतो.

दुसरा चमत्कार कापलेल्या अवयवांचा. मिचेल यांनी नोंदलेल्या ९० जणांपैकी फक्त ४ जण असे निघाले की ज्यांना गेलेला हात किंवा पाय पुन्हा कधी जाणवलाच नाही. बाकीच्यांना तो होता, खाजत होता, मुठीत आवळलेला होता, दुखत होता. एक जण घोड्यावर असताना एका हाताने चाबूक मारून नसलेल्या हाताने लगाम धरावयास गेला आणि खाली पडला. दुसऱ्या एकाचा हात खांद्यापासून काढलेला. दोन वर्षांत त्याला त्याची जाणीवही उरली नव्हती. मिचेल यांनी त्याला पूर्वकल्पना न देता खांद्याजवळच्या ज्ञानतंतूंत वीज सोडली, तोच तो हात, हात, असे ओरडत नसलेला हात धरू पाहू लागला. तबल्याच्या विद्यार्थ्यांची बोटे झोपेतही हलताना मी पाहिली आहेत, त्यामुळे हाताची वस्ती केवळ खांद्यापुढे नसते हे मला पटावयास वेळ लागला नाही. १८७१ मध्ये मिचेल यांनी या अवयवांना भुताचे अवयव म्हटले आणि ते नाव वैद्यकात कायम झाले. १९९६ साली मूळचे तमिळनाडूचे डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी साध्या आरशात धडधाकट हाताचे प्रतिबिंब दाखवून काही रोग्यांची आवळलेली नसलेली मूठ सोडविली, ती याच वाटेवरची पुढची मजल. कॉसॅल्जियाचे नावही १९९४ मध्ये तज्ज्ञांनी बदलून लांबलचक केले. दुखणे मात्र तेच, आणि त्यावर हमखास उतारा आजही नाही.

गंमत अशी की ही भुते प्रथम शास्त्रीय निबंधात नव्हे, तर गोष्टीत अवतरली. १८६६ साली ‘अटलांटिक मंथली’ मासिकात चारही अवयव गमावलेल्या जॉर्ज डेडलो नावाच्या लष्करी डॉक्टरची आत्मकथा निनावी छापून आली. शेवटी एका प्रेतात्म्यांच्या बैठकीत त्याचे दोन्ही पाय, जे संग्रहालयात मद्यार्कात ठेवले होते, क्षणभर त्याला परत भेटतात आणि तो चार पावले चालतो. ही निव्वळ थट्टा. पण वाचकांनी ती खरी मानली आणि बिचाऱ्या डेडलोसाठी वर्गणी जमविली. मिचेल पुढे कादंबरीकार म्हणूनही गाजले. त्या कादंबऱ्या आता कोणी वाचीत असेल असे वाटत नाही. शरीरशास्त्राचे अध्यापकपद मात्र त्यांना दोनदा नाकारले गेले. १८९६ मध्ये ईथरच्या पहिल्या जाहीर प्रयोगाला पन्नास वर्षे झाली तेव्हा बॉस्टनच्या समारंभात वेदनेच्या जन्ममृत्यूवर कविता म्हणण्याचा मान मिळाला तो त्यांनाच. शस्त्रक्रियेची वेदना तेवढी मेली होती. दुसरी, जुनी होऊन बसणारी, मेली नव्हती, आणि हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

येथवर लिहून थांबता आले असते तर बरे झाले असते. पण १८७० नंतर मिचेल यांच्याकडे येऊ लागल्या त्या मुख्यतः स्त्रिया : पाठ धरलेल्या, डोके उठलेल्या, खंगलेल्या, अंथरुणास खिळलेल्या. त्यांच्यासाठी त्यांनी विश्रांतीचा उपचार काढला आणि १८७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. सहा ते आठ आठवडे खाटेवर पडून राहावयाचे. दूध आणि पौष्टिक अन्न भरपूर. मालिश आणि वीज. घरच्यांची भेट नाही, वाचन नाही, लेखन नाही. अनेकींना गुण आला, हे खरे आहे, आणि त्या त्यांना दुवा देत. थकलेल्या पुरुषांना मात्र ते उलट मोकळ्या रानात, पश्चिमेकडच्या कुरणांवर पाठवीत. लेखक ओवेन विस्टर १८८५ साली वायोमिंगला गेले ते त्यांच्याच सल्ल्याने.

१८८७ मध्ये शार्लट नावाची एक तरुण लेखिका त्यांच्याकडे आली. पुढे ती शार्लट पर्किन्स गिलमन या नावाने जगाला ठाऊक झाली. येण्याआधी तिने आपल्या दुखण्याची सविस्तर हकीकत पत्राने लिहून धाडली होती. तिच्या आत्मचरित्रात आहे ते असे की, ते पत्र डॉक्टरांना केवळ अहंमन्यतेचे लक्षण वाटले. शिपायांची हकीकत रात्र रात्र जागून उतरवून घेणारा हाच माणूस! तो शिपाई बोलला की ते ज्ञान, आणि ही बाई लिहू लागली की तो रोग. महिनाभराने तिला घरी पाठविले ते घरसंसारात राहावे, बुद्धीचे काम अगदी थोडे करावे आणि लेखणीला पुन्हा हात लावू नये, असे बजावून. तिने काही महिने ते पाळले आणि ती वेडाच्या काठावर पोहोचली. मग तिने लेखणी उचलली. १८९२ साली ‘पिवळ्या भिंतकागदा’ची तिची गोष्ट छापून आली. खोलीत कोंडलेल्या एका स्त्रीची ही गोष्ट असून मिचेल यांचे नाव तिच्यात स्पष्ट घेतलेले आहे. तिने त्यांना एक प्रत पाठविली. उत्तर आले नाही.

१९१३ मध्ये गिलमन यांनी आपल्या मासिकात लिहिले की, ती गोष्ट वाचून डॉक्टरांनी आपला उपचार बदलल्याचे आपल्या कानी आले आहे. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, ४ जानेवारी १९१४ रोजी, मिचेल फिलाडेल्फियातच वारले. त्यांची पत्रे आणि लेख पुढे अभ्यासकांनी चाळून पाहिले. असा बदल केल्याचा दाखला त्यांत सापडलेला नाही.