किडे काढणारा डॉक्टर

चौसाळ्याला शाळेत असताना कॉमिक्स म्हणजे चाचा चौधरी, तेही भूगोलाच्या पुस्तकात दडवून. कॉमिक्समधून एखाद्या देशाचा इतिहास शिकता येतो हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. जपानच्या ओसामू तेझुकांनी ते करून दाखवलं.

३ नोव्हेंबर १९२८ चा जन्म, बालपण ओसाकाजवळच्या ताकाराझुकात. कुरळ्या केसांवरून वर्गातली पोरं छळायची. हा पठ्ठ्या किडे गोळा करून त्यांची चित्रं काढत बसायचा. ‘ओसामुशी’ नावाचा एक भुंगेरा असतो, म्हणून यानं आपल्या नावाला किड्याचं अक्षरच जोडून टाकलं! युद्धात शाळकरी मुलांना कारखान्यात जुंपलं गेलं. १९४५ मध्ये ओसाकावर बॉम्ब पडले तेव्हा ते थोडक्यात वाचले.

पुढे ओसाका विद्यापीठात मेडिकलला प्रवेश. शिकत असतानाच १९४७ मध्ये त्यांचं ‘नवं खजिना बेट’ तुफान खपलं. आता डॉक्टर व्हायचं की चित्रकार? आईला विचारलं, तर तिनं मनापासून आवडेल तेच कर म्हणून सांगितलं. (आपल्यापैकी किती जणांच्या घरी हे उत्तर मिळेल?) तरी अभ्यास सोडला नाही. १९५२ मध्ये डॉक्टरकीची परीक्षा पास झाले आणि त्याच वर्षी अणुशक्तीवर चालणारा पोरगेला रोबो ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ सुरू केला. दवाखाना काही टाकला नाही.

‘बुद्ध’ आपल्याला जवळचं, पण जपान समजायला त्यांचं ‘हिदामारी नो की’ बघावं (१९८१ ते ८६). त्यात त्यांचे स्वतःचे पणजोबा र्‍योआन आहेत, एडोतले डॉक्टर. शोगुनांची सत्ता डळमळलेली, किनाऱ्यावर परदेशी जहाजं, डच पुस्तकं वाचून शिकलेले डॉक्टर देवीची लस आणू पाहतात आणि दरबारातले जुने वैद्य आडवे येतात. सोबतीला एक सरळमार्गी सामुराई. सनावळ्या पाठ न करता सगळा काळ डोळ्यांपुढे उभा राहतो.

धंद्यात मात्र ते कच्चे. त्यांनी काढलेली अ‍ॅनिमेशन कंपनी १९७३ मध्ये बुडाली. त्याच वर्षी ‘ब्लॅक जॅक’ घेऊन गडी पुन्हा उभा! त्याचा नायक लायसन नसलेला सर्जन.

शेवटी पोटाचा कॅन्सर झाला. त्या काळच्या जपानी रीतीप्रमाणे पेशंटला ते सांगितलंच नाही, पेशंट स्वतः डॉक्टर असूनही. खाटेवर पडल्या पडल्या ते कागद-पेन्सिल मागत. ९ फेब्रुवारी १९८९ ला साठाव्या वर्षी गेले. बीथोवनवरची चित्रकथा अर्धीच राहिली.