रेव्हरंड ना. वा. टिळक : उपकारस्मरणाची भाषा

डिसेंबरअखेर ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील मराठी ख्रिस्ती कुटुंबे नाताळच्या उपासनेसाठी एकत्र येतात. मराठी प्रोटेस्टंट उपासनेत गायिल्या जाणाऱ्या पदांपैकी पुष्कळ पदे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. ‘नाताळ’ हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळाला. परंतु त्या सणातील कृतज्ञता अस्सल मराठीत कशी व्यक्त करावी, हे मुख्यतः टिळकांनी दाखवले.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे प्राथमिक शिक्षण कल्याणला झाले. १८५४ मध्ये रेल्वे आलेले हे जुने बंदर. सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक प्रवाशाने ‘कल्लिआना’ येथे ख्रिस्ती धर्माध्यक्ष असल्याचे नोंदवले आहे आणि ते ठिकाण म्हणजे हेच कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. अर्थात लहानग्या नारायणाला याची वार्ता असण्याचे कारण नव्हते. त्याच्यावर संस्कार झाला तो आई जानकीबाईंचा. त्यांना काव्याची गोडी होती, आणि वडिलांच्या कडक स्वभावापुढे त्यांचाच मुलाला आधार होता. तो अकरा-बारा वर्षांचा असताना त्या निवर्तल्या. पुढे टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त वारंवार माउलीच्या रूपाने येतो. विठ्ठलाला माउली म्हणणारी वारकरी परंपरा त्यामागे आहेच. परंतु कल्याणच्या घरातील ही पोकळीही विसरता येत नाही.

आईच्या मृत्यूनंतर ते नाशिकला गेले आणि तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनूशी, म्हणजेच पुढच्या लक्ष्मीबाईंशी, त्यांचा विवाह झाला. त्यानंतरची वर्षे भटकंतीची होती. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ भेट दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. नातलग दुरावले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन सुमारे पाच वर्षे वेगळ्या राहिल्या. १९०० मध्ये त्यांनीही स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. ही कहाणी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाईंच्याच शब्दांत वाचावी. टिळकांची कृतज्ञता सुखवस्तू माणसाची नव्हती, हे त्यातून कळते.

आता भाषेकडे वळू. ‘आभार’ या शब्दात ‘भार’ आहे. व्यवहारात उपकार हे ऋण ठरते, आणि ते फेडून माणूस उतराई होऊ पाहतो. संतकवितेत मात्र भक्ताला हे ऋण फिटायलाच नको असते, कारण ते फिटले की नातेही संपेल. ख्रिस्ती धर्मातील ‘कृपा’ ही कल्पना याच्या अगदी जवळची आहे, आणि टिळकांनी हे सामीप्य अचूक हेरले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून परक्या चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांऐवजी त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन जवळ केले. त्यांच्याआधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले होते. परंतु ते पुराण आहे, तर टिळकांचे अभंग ही एका भक्ताची आपल्या गुरूशी चाललेली बोली आहे. ‘केवढे हे क्रौर्य!’ लिहिणारे, फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जाणारे टिळक परीक्षेसाठी आपल्याला ठाऊक असतात. माझ्या मते त्यांची खरी उंची ‘अभंगांजली’त आहे.

अहमदनगरला त्यांनी अध्यापन केले, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले आणि तरुण बालकवींना आपल्या घरात आसरा दिला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना तेथे सारखेच स्थान असावे, असा त्यांचा मनोदय होता. मिशनमधील अनेकांना ते रुचले नाही.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. त्याचे पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, आणि अखेरचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी.