ताराबाईंची बिनखर्ची खेळणी

बालशिक्षणाचा विषय निघाला की महाराष्ट्रात पहिले नाव येते ते पद्मभूषण ताराबाई मोडक यांचे. त्यांचा जन्म १८९२ साली मुंबईत, प्रार्थना समाजाशी जवळीक असलेल्या केळकर घराण्यात झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. संसार फार काळ टिकला नाही. त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. राजकोटची मानाची नोकरी सोडून १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या, ही मात्र त्यांच्या आयुष्यातील खरी कलाटणी होय.

तेथे माँटेसरीबाईंची साधने होती : लहानमोठे लाकडी दंडगोल, मनोऱ्याचे ठोकळे, खरखरीत कागदाची अक्षरे. जाड दंडगोल बारीक खाचेत बसत नाही. मूल थबकते, दुसरा उचलून पाहते आणि आपली चूक आपणच सुधारते. छडीवाचून, बक्षिसावाचून डोळा, बोट व बुद्धी एकत्र कामाला लागतात. मुलाचे खेळणे म्हणजे वेळ दवडणे, असे मानणाऱ्यांनी हा प्रकार घटकाभर बसून पाहावा. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

पण ही साधने महाग. ती शहरी पांढरपेशांच्या मुलांपुरतीच राहणार काय? १९४५ च्या अखेरीस ताराबाई बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. गरीब वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी! दंडगोलांची जागा शिंपले, खडे, चिंचोके, पाने यांनी घेतली. शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले की क्रम कळतो, चिंचोके मोजता मोजता आकडा कळतो, एका तळहातावर खडा व दुसऱ्यावर पीस ठेवले की जड-हलके कळते. आपल्या मोरिवली-अंबरनाथकडे विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना होता. रिकाम्या काड्यापेट्यांची आगगाडी करणाऱ्या पोरांना हे वेगळे सांगायला नको.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले गुरांमागे जात, म्हणून शाळा कुरणात भरू लागली.

ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली व तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. आज अंगणवाडी म्हटले की आपल्याला खिचडी, वजनकाटा व लस आठवते. शिंपले कितीजणांना आठवतात?