डोडोची आठवण ठेवणारा माणूस

वन्यजीवांवर प्रेम करणारे अनेक असतात. पण त्या प्रेमापोटी संस्था उभारून ती अखेरपर्यंत सांभाळणारे विरळाच. जेराल्ड डरेल हे अशांपैकी एक. त्यांचा जन्म ७ जानेवारी १९२५ रोजी जमशेदपूर येथे झाला. वडील स्थापत्य अभियंता होते. १९२८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर आई मुलांसह इंग्लंडला परतली. पुढे १९३५ ते १९३९ या काळात हे कुटुंब ग्रीसमधील कॉर्फू बेटावर राहिले. तेथील कीटक, पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या सहवासात डरेल यांचे बालपण फुलले.

एकविसाव्या वर्षी वाट्याला आलेला वारसा त्यांनी प्राणी पकडण्याच्या मोहिमांवर खर्च केला. कॅमेरून आणि ब्रिटिश गियानातून आणलेले प्राणी ते प्राणिसंग्रहालयांना विकत. मात्र, तेथे प्राणी केवळ प्रदर्शनाची वस्तू ठरतो, हे त्यांना खटकू लागले. नामशेष होऊ घातलेल्या जातींचे प्रजनन हेच प्राणिसंग्रहालयाचे पहिले कर्तव्य, असे त्यांचे मत बनले. इंग्लंडमध्ये जागा मिळेना, तेव्हा इंग्लिश खाडीतील जर्सी बेटावरील एका जुन्या दगडी वाड्यात मार्च १९५९ मध्ये त्यांनी स्वतःचे प्राणिसंग्रहालय उघडले.

खरी परीक्षा त्यानंतर होती. गोरिलांचा आहार, आजारी पक्ष्यांची शुश्रूषा, पिंजऱ्यांची बांधणी, प्रत्येक प्राण्याची नोंद, कर्मचाऱ्यांचे पगार आणि देणगीदारांची मनधरणी अशी नाना कामे एकाच वेळी करावी लागत. पैसा कधीच पुरत नसे. १९६३ मध्ये ही संस्था न्यासाच्या स्वाधीन करताना डरेल यांनी उभारणीचे कर्ज पुस्तकांच्या मानधनातून फेडण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. लेखनाची त्यांना फारशी आवड नव्हती. पण प्राण्यांची पोटे त्यावरच भरत. न्यासाचे बोधचिन्ह म्हणून त्यांनी निवडला तो मॉरिशसमधील नामशेष पक्षी डोडो.

१९७६ मध्ये ते मॉरिशसला गेले. मॉरिशस केस्ट्रेल या छोट्या शिकारी पक्ष्याचे अवघे चार पक्षी १९७४ मध्ये ज्ञात होते. गुलाबी कबूतरही विनाशाच्या उंबरठ्यावर होते. जवळच्या राऊंड आयलंडवर माणसांनी सोडलेल्या शेळ्या-सशांनी वनस्पती फस्त केल्या होत्या. जर्सीत प्रजनन, मूळ बेटावर अधिवासाची दुरुस्ती आणि स्थानिक तरुणांचे प्रशिक्षण, अशी तिपेडी योजना न्यासाने आखली. जर्सीतील प्रशिक्षणाचा पहिला मानकरी मॉरिशसचाच होता. अनेक संस्थांच्या प्रयत्नांतून १९८६ पर्यंत राऊंड आयलंड शेळ्या-सशांपासून मुक्त झाले. १९९० च्या सुमारास जेमतेम दहावर आलेली रानातील गुलाबी कबुतरे पुढे शेकड्यांत गेली.

या ध्यासाची किंमतही मोठी होती. प्राणिसंग्रहालयाच्या आवारातच घर असल्याने काम आणि संसार यांत अंतर उरले नाही. पहिली पत्नी जॅकी यांनी आरंभापासून साथ दिली. पण तो विवाह १९७९ मध्ये संपुष्टात आला. त्याच वर्षी त्यांनी प्राणिशास्त्रज्ञ ली मॅकजॉर्ज यांच्याशी विवाह केला. प्रकृती ढासळत असतानाही १९९० मध्ये ते आय-आय या दुर्मीळ लेमूरच्या शोधात मादागास्करला गेले.

३० जानेवारी १९९५ रोजी जर्सीत त्यांचे निधन झाले. १९९९ मध्ये न्यासाला त्यांचे नाव देण्यात आले. प्राणिसंग्रहालयांची गरजच उरू नये, ही त्यांची इच्छा मात्र अजून अपुरीच आहे.