देवाने स्वीकारलेली लेक : पंडिता रमाबाई



देवाने आपल्याला खरोखर स्वीकारले आहे का? आपल्या पापांची क्षमा झाली आहे का? हे प्रश्न अनेक भाविकांच्या मनात असतात. पंडिता रमाबाईंनी हे प्रश्न अनेक वर्षे उराशी बाळगले. त्या कॅथोलिक नव्हत्या. तरी त्यांचे जीवन आपल्याला पुष्कळ काही शिकवते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे विद्वान होते. पुराणे सांगत हे कुटुंब पायी तीर्थयात्रा करीत असे. देव प्रसन्न व्हावा म्हणून स्नान, दान, उपास, व्रते सारे काही त्यांनी केले. पण १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण दगावली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास देशभर भटकत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. विद्वत्तेचा मान मिळाला, पण स्त्रीला मोक्षाचा मार्ग मोकळा नाही, ही शिकवण मनाला टोचत राहिली.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८८२ साली पटकीने तेही गेले. तेविसाव्या वर्षी कडेवर लहानगी मनोरमा आणि कपाळी वैधव्य!

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींकडे राहिल्या. लंडनमधील फुलहॅम येथे या भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना मायेने सांभाळत होत्या. असे प्रेम कोठून येते, हे रमाबाईंना समजून घ्यायचे होते. उत्तर म्हणून त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकायला मिळाली. जिला गावाने नाकारले, तिच्याशी प्रभू विहिरीवर बसून बोलला. हा तारणारा स्त्रीलाही दूर लोटत नाही, हे त्यांना उमगले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

तरीही मन शांत नव्हते. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. कामाचा डोंगर उपसला. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण स्वतः ख्रिस्तावर विसंबलो नाही. जुन्या व्रतांसारखीच आपण आता सत्कर्मे मोजतो आहोत. त्या दिवसापासून त्यांनी क्षमा कमावण्याचा प्रयत्न सोडला आणि ती दान म्हणून स्वीकारली.

याचा अर्थ संस्कार निरर्थक आहेत असा नाही. बाप्तिस्म्यात देव देतो ते खरेच देतो. मात्र ते घेण्यासाठी आपण हात उघडला पाहिजे. आपली योग्यता पाहून नव्हे, तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो, हे कॅथोलिक व ल्युथरन ख्रिस्तसभांनी १९९९ साली ऑग्सबर्ग येथे संयुक्तपणे मान्य केले. हा स्वतःविषयीचा फाजील विश्वास नव्हे. ही देवाच्या शब्दावरची आशा आहे.

क्षमेची खात्री पटल्यावर रमाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी निराधार मुली आणल्या. दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तेथे पतित म्हणून हिणवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२१ साली मनोरमाही गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या.

आपल्या हिंगोली भागात ऊसतोडीवरून परतलेले कित्येक जण मिस्साला येतात ते दाराशीच थांबतात. इतके महिने चुकले, आता कोणत्या तोंडाने पुढे जावे, असे त्यांना वाटते. काही जण प्रायश्चित्त संस्कार घेऊनही तेच जुने पाप मनात उगाळत बसतात. बंधुभगिनींनो, धर्मगुरू पापक्षमेचे शब्द उच्चारतो तेव्हा प्रभूच क्षमा करतो. त्याने मिटवलेला हिशेब आपण पुन्हा का उघडावा?

या रविवारी दाराशी उभ्या असलेल्याला आपल्या शेजारी जागा देऊ या. देवाने आपल्यालाही असेच आत घेतले आहे.

प्रभू आपणा सर्वांना त्याची शांती देवो.