एडवर्ड हॅमिल्टन एटकेन

एडवर्ड हॅमिल्टन एटकेन (१६ ऑगस्ट १८५१, सातारा – एप्रिल १९०९, एडिंबरा) हे मुंबई इलाख्यातील जकात व मीठ खात्याचे ब्रिटिश अधिकारी, हौशी निसर्गनिरीक्षक व लेखक होते. आपल्या नावाची ‘ई. एच. ए.’ ही आद्याक्षरेच त्यांनी लेखनासाठी वापरली आणि वाचक त्यांना त्याच नावाने ओळखत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी ते एक होत. घराचे अंगण, आंबराई आणि गावचे तळे हीसुद्धा निसर्गाच्या अभ्यासाची पुरेशी क्षेत्रे आहेत, हे त्यांच्या लेखनाने दाखवून दिले.

शिक्षण व नोकरी

एटकेन यांचे वडील रेव्हरंड जेम्स एटकेन हे स्कॉटिश मिशनरी होते. एडवर्ड यांचे प्रारंभीचे शिक्षण वडिलांकडेच झाले. पुढील शिक्षण मुंबई व पुणे येथे झाले. मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. व एम. ए. या पदव्या मिळवून १८७० ते १८७६ या काळात त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले. प्राणिशास्त्राचे विधिवत शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

१८७६ मध्ये ते जकात व मीठ खात्यात रुजू झाले. कच्छच्या छोट्या रणाच्या काठावरील खाराघोडा, तसेच उरण, रत्नागिरी, उत्तर कानडा, गोव्याची सरहद्द आणि मुंबई येथे त्यांनी काम केले. मिठागरांवरील देखरेख आणि चोरट्या मालाला आळा घालणे असे या खात्याचे रुक्ष काम होते. परंतु मिठागरे, खाड्या व खाजणे ही पाणपक्ष्यांची आवडती ठिकाणे असल्याने ही नोकरी त्यांच्या छंदाला पोषकच ठरली.

लेखन

१८८३ मध्ये त्यांचे ‘द ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर’ हे पहिले महत्त्वाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. दुसरे अफगाण युद्ध संपून तेव्हा फार काळ लोटला नव्हता आणि वायव्य सरहद्दीवरील टोळ्या हा इंग्रज समाजात नित्य चर्चेचा विषय होता. एटकेन यांनी तोच शब्द उचलून आपल्या बंगल्याच्या सरहद्दीवरील ‘टोळ्यांचे’ वर्णन केले. उंदीर, पाली, कावळे, वटवाघळे, कोळी, बेडूक, आंबराईतले आणि तळ्याकाठचे पक्षी अशी ही मंडळी. पुस्तकातील ‘डस्टीपूर’ हे गाव म्हणजे खाराघोडा होय. विनोद हा या पुस्तकाचा प्राण असला, तरी त्यामागचे निरीक्षण नेमके आहे. त्यामुळेच ते आजही वाचनीय वाटते.

‘बिहाइंड द बंगलो’ (१८८९) या पुस्तकाविषयी मात्र असे म्हणता येत नाही. प्रथम ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आलेल्या या लेखांत बटलर, हमाल, धोबी, माळी, आया अशा घरच्या नोकरांची व्यक्तिचित्रे आहेत. पाली-बेडकांच्या वर्णनात शोभणारी थट्टा माणसांच्या बाबतीत वरिष्ठपणाची होते. जे बेडकाकडे इतक्या समजुतीने पाहत, ते आपल्याच घरात राबणाऱ्या माणसांकडे राज्यकर्त्याच्या नजरेने पाहत, ही विसंगती वाचकाला खटकल्यावाचून राहत नाही.

‘अ नॅचरलिस्ट ऑन द प्राउल’ (१८९४) हे उत्तर कानड्यातील भटकंतीवर आधारलेले आहे. तेथे जेम्स डेव्हिडसन व टी. आर. बेल या अधिकाऱ्यांच्या सोबतीने त्यांनी फुलपाखरांच्या अळ्या पाळून त्यांच्या जीवनक्रमाच्या नोंदी केल्या आणि त्या सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या.

‘द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे’ (१९००) हे पुस्तक नवशिक्या पक्षिनिरीक्षकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे होय. त्या काळातील प्रमाण ग्रंथ अनेक खंडांचे असत आणि त्यांतील पक्ष्याची ओळख पिसे, चोच व पाय यांच्या बारकाव्यांवर बेतलेली असे. म्हणजे पक्षी हाती असणे आवश्यक, आणि तो बहुधा बंदुकीनेच हाती येई. एटकेन यांचा वाचक खिडकीतून किंवा रस्त्याने जाता-येता दिसलेला पक्षी ओळखू इच्छिणारा शहरवासी होता. पक्ष्याची बसण्याची ढब, उड्डाण, आवाज आणि सवयी यांवर त्यांनी भर दिला.

संस्थात्मक कार्य

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये (आताचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. संस्थापकांत प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनौषधींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. एटकेन हे मार्च १८८६ पर्यंत पहिले मानद सचिव राहिले. जानेवारी १८८६ पासून निघू लागलेल्या नियतकालिकाचे ते आर. ए. स्टर्नडेल यांच्यासह संपादक होते.

हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध झाल्यानंतर गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर या रोगाची पाहणी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या वेळी त्यांना आढळलेल्या डासाच्या नव्या जातीला ‘ॲनोफिलिस एटकेनाय’ असे नाव देण्यात आले.

उत्तरायुष्य

१९०३ मध्ये ते कराचीस मुख्य जकात अधिकारी झाले. पुढे सिंध प्रांताच्या गॅझेटियरचे काम त्यांनी पाहिले. तो ग्रंथ १९०७ मध्ये प्रकाशित झाला. १९०६ मध्ये सेवानिवृत्त होऊन ते एडिंबरा येथे गेले व तेथेच त्यांचे निधन झाले. ‘कन्सर्निंग ॲनिमल्स’ हा लेखसंग्रह १९१४ मध्ये निघाला.

मुंबईच्या पक्ष्यांवरील पुस्तकाची पुढील आवृत्ती सालिम अली यांनी ‘द कॉमन बर्ड्स ऑफ इंडिया’ या नावाने संपादित केली. एटकेन यांनी मुंबईच्या सामान्य पक्ष्यांत ज्यांचा समावेश केला होता, ती गिधाडे आज या शहरातून जवळजवळ नाहीशी झाली आहेत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे १९९० च्या दशकात देशभर त्यांची संख्या झपाट्याने घटली आणि २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. त्यामुळे शहरातील नित्याच्या पक्ष्यांविषयी हौसेने लिहिलेले हे छोटे पुस्तक आता अभ्यासकांना जुनी नोंद म्हणूनही उपयोगी पडते.